बिल्लेकाका

बिल्लेकाका भंगाराच्या दुकानात चप्पल काढून शिरतात. देवळातही काढतात, पण तिथं अर्धं लक्ष चपलेवर असतं. इथं सगळं पितळेच्या ढिगावर. तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस. उभी हयात लोकांच्या नोंदी आणि फेरफार तपासण्यात गेली, ती खोड आता जुन्या पोलिसी-लष्करी बिल्ल्यांवर उतरली आहे. खिशात सोनाराचं भिंग आणि लोहचुंबक. कुणी बिल्ला दाखवला की काका त्याचा सातबारा काढतात.

“काका, आज्याच्या पेटीत सापडला. इंग्रजाच्या पोलिसाचा हाय.”

“इंग्रज बीडात कवा आला रे, तुझ्या आज्याला भेटायला?”

इथून पुढं अर्धा तास तुमचा नसतो. बीड जिल्हा 1948च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचा. ठाण्यात फौजदार नव्हे, अमीन बसायचा आणि दप्तर उर्दूतून चालायचं. बिल्ल्यावर राजाचा मुकुट दिसला तर तो बाहेरून आला, हे काकांचं पहिलं कलम. मुकुट घुमटासारखा गोल असेल तर 1901 नंतरचा, हे दुसरं. 1950 नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, हे तिसरं. पण तोवर चहा आलेला असतो.

पोरगं हिरमुसतं, मग दुसरी आशा धरतं. “मग रझाकाराचा आसंल.”

काका सगळ्यात जास्त इथं भडकतात. मराठवाड्यात जुनं पितळ निघालं की ते एक तर इंग्रजाचं, नाही तर रझाकाराचं. जणू निजामाच्या राज्यात टपाल नव्हतं, रेल्वे नव्हती, तहसील नव्हती. भिंगाखाली धरल्यावर बहुतेक वेळा तो पट्टेवाल्याच्या छातीवरचा बिल्ला निघतो, किंवा हमालाचा नंबर. दोन पिढ्या ‘मिलिट्रीत’ असलेला आज्या पाच मिनिटांत तहसीलच्या दारात स्टुलावर येऊन बसतो. काका समजूत घालतात, “अरे, पट्टेवाला म्हंजे काय साधा वाटला का तुला? तहसीलदाराच्या आधी त्याला खूश करावं लागायचं.” समजूत पटत नाही. पोरगं बिल्ला खिशात घालून जातं आणि गल्लीत सांगतं, काकाला काई कळत नाय.

खरा इंग्रजी साहेब पाहायचा तर अंबाजोगाईला जा, असं काका सांगतात. तेव्हाचं नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजाचा. त्या खर्चापोटी 1853 साली वऱ्हाड हातचं गेलं. ही रक्कम जणू त्यांच्याच पेन्शनीतून कापली गेली, अशा आवाजात काका हे सांगतात. 1903 साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळली आणि तिच्या एका घोडदळाचं ‘डेक्कन हॉर्स’ झालं. 14 जुलै 1916ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते भाले घेऊन मशीनगनसमोर गेलं. हा प्रसंग काका चहाचा चमचा रोखून करून दाखवतात. तेव्हा समोर पांढरा सदरा घालून बसू नये.

एकदा एकानं क्रूस धरलेल्या सिंहाचा बिल्ला आणला. मिशनऱ्यांचा असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. काका नुसते हसले. हेन्री रसेल हा हैदराबादचा रेसिडेंट. त्याच्या नावानं 1813 साली पलटणी उभ्या राहिल्या. हा सिंह त्याच्या घराण्याचा. पुढं त्या पायदळाची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 साली तिचं नाव बदलून कुमाऊँ झालं. “आपला सिंह आता रानीखेतला ऱ्हातो,” काका म्हणाले, आणि परगावी नोकरीला गेलेल्या भाच्याची बातमी सांगावी तसा त्यांचा चेहरा झाला.

खोटा माल ते आधी पाठीवरून धरतात. ठशात दाबलेल्या पत्र्याच्या मागं पुढच्या नक्षीची उलटी खोलगट छाप उठते. नव्यानं ओतलेल्याची पाठ भरीव आणि बारीक भोकांची. दलाल पुढची बाजू दाखवत किंमत सांगत असतो, तोवर काकांनी बिल्ला उलटा केलेला असतो. भंगारवाला मात्र हुशार झालाय. काकांनी कशाला भिंग लावलं, एवढंच तो बघतो आणि किलोचा भाव सोडून नगाचा सांगतो.

काकूंचा या साऱ्याला विरोध नाही. खंडेनवमीला त्या सगळे बिल्ले पितांबरीनं लख्ख घासून विळी-कोयत्यासोबत पूजेला मांडतात. शंभर वर्षांचा काळसर रंग दहा मिनिटांत मोरीत जातो. त्या दिवशी काका जेवत नाहीत, पण संध्याकाळी भजी खातात.

तुमच्याही घरात पेटीच्या तळाशी असा एखादा बिल्ला असेल. तो घासू नका. शंभर वर्षांहून जुना निघाला तर 1972च्या कायद्यानं तो पुरावस्तू ठरतो आणि परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. काकांना जरूर दाखवा. ते पैसे घेत नाहीत. फक्त जाताना आज्याला सोबत नेऊ नका.