प्रेमपत्र पोचलं, पण चालेना

"अहो वहिनी, ऐकलंत का? आमच्या सूनबाईंनी मॅक घेतला. म्हणे त्याला व्हायरस लागतच नाही. एवढे पैसे मोजल्यावर कारखान्यातच देवी टोचून देत असतील!"

"कसलं काय, काकू! हा कढीपत्ता धरा आधी. तुम्हाला ते प्रेमपत्राचं लफडं माहितीये का? मे 2000 मधलं. मनिलाच्या एका पोराने सोडलेलं."

"प्रेमपत्र? कुणाला?"

"अख्ख्या जगाला! मेलचा विषय 'आय लव्ह यू', खाली एक फाइल. नाव असं की साधा मजकूर वाटावा. शेवटचं 'डॉट व्हीबीएस' विंडोज लपवायचं. उघडली की आउटलुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र तुमच्या नावाने रवाना! साहेबाकडून टायपिस्टला, विहिणीकडून व्याह्यांना. ब्रिटिश पार्लमेंटने मेल बंद ठेवली. वर फोटोंच्या फाइली पुसून त्यांच्या जागी ते स्वतःच बसायचं."

"अगं बाई! आणि मॅकवाल्यांना नाही आलं?"

"आलं ना. नुसतं पडून राहिलं. असली स्क्रिप्ट चालवायची सोय विंडोजमध्ये आयती होती, मॅकमध्ये नव्हती. व्हायरसला स्वतःचे हातपाय कुठले? फाइल पूस, मेल धाड, सगळं ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घ्यायचं. आणि प्रत्येकीला हुकूम द्यायची रीत निराळी. चिप तीच असली तरी विंडोजची ईएक्सई फाइल लिनक्स आपणहून चालवत नाही."

"म्हणजे चोराला तुमच्या घरची किल्ली कुठल्या खिळ्याला ते ठाऊक, आणि आमच्याकडे तो खिळाच नाही!"

"अगदी! त्यातून विंडोज घरोघरी. मेहनत तिकडेच करणार ना मेले?"

"मग सूनबाई बरोबरच म्हणते की."

"छे हो! 2012 साली खास मॅकसाठी रचलेला फ्लॅशबॅक पसरला. जावातल्या फटीतून शिरला, सहा लाखांवर मॅक धरले. आणि 1995 चा तो कन्सेप्ट नावाचा व्हायरस! वर्डच्या मॅक्रोत राहायचा. खाली विंडोज आहे की मॅक, त्याला सोयरसुतक नाही. वर्ड असलं की झालं."

"ते राहू द्या. त्या मनिलाच्या पोराचं काय झालं? तुरुंगात गेला असेल."

"कुठला! फिलिपिन्समध्ये तेव्हा असल्या गुन्ह्याला कायदाच नव्हता. कायदा झाला जूनमध्ये. पोरगा सुटला."

"बघा! आणि आमच्या ह्यांना गाडी पलीकडच्या बाजूला लावली म्हणून दंड."