लेखनाची पेटी विकणाऱ्या साहेबांस खुले पत्र

श्रीमान लेखन-अभ्यासक्रम विक्रेते यांस,



प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. ज्या आईबापांनी धाडस करून लेकरांना शाळेतून काढलं, सासरच्यांचे टोमणे गिळले, ‘पुढं काय होणार याचं?’ या प्रश्नाला लग्नकार्यात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा उत्तरं दिली, त्यांनाच तुम्ही शाळा पेटीत घालून घरपोच विकलीत. तीही सुलभ हप्त्यांनी. धंदा असावा तर असा!

मी सिडकोत राहणारी निवृत्त मराठी शिक्षिका. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरीच शिकणारी मुलं मोजकीच. पण त्यांचे पालक अधूनमधून माझ्याकडे येतात. “मॅडम, लिखाणासाठी हा कोर्स घेऊ की तो?” असं विचारतात आणि तुमची पेटी टीपॉयवर ठेवतात. चकचकीत वर्कबुकं, रंगीत कार्डं, स्टिकर, तपासणीचं अ‍ॅप आणि पालकांसाठी ‘मार्गदर्शिका’. किंमत पाच आकडी. सवलत आज रात्री बारापर्यंतच. उद्या पुन्हा आज रात्री बारापर्यंतच.

पेटी उघडून पाहिली. पहिल्याच वर्कबुकात विषय होता : ‘सकाळी उठून पाहतोस तर अंगणभर बर्फ! तू काय करशील?’ शेजारी गाजराच्या नाकाचा स्नोमॅन. पोरगा नऊ वर्षांचा, महिना मे, बाहेर चाळिशी पार केलेलं ऊन. त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘बादल्यात भरून ठेवीन. उन्हात त्याचं पाणी होईल. मग आई नळाची वाट बघणार नाही.’

तुमच्या उत्तरसूचीनुसार इथं तीन विशेषणं, एक उपमा आणि ‘भावनादर्शक शेवट’ हवा होता. तिन्ही नाहीत. दहापैकी तीन गुण. आई बिचारी रडवेली होऊन मला विचारत होती, “याचं लिखाण कच्चं आहे का हो?”

साहेब, या शहरात नळ काही दिवसांआड येतो. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर भरलेला असला तरी येतो तेव्हाच येतो. आला की घरातलं प्रत्येक भांडं कामाला लागतं. त्या पोरानं तुमचा परदेशी बर्फ तीन वाक्यांत आपल्या मोरीत आणून ठेवला, वर आईची काळजीही मिटवली. आणि तुम्ही विचारता, उपमा कुठाय?

पुढच्या भागात परिच्छेदाचं शास्त्र आहे. परिच्छेद म्हणजे म्हणे बर्गर. वरचा पाव म्हणजे मुख्य विधान, मधली टिक्की म्हणजे मुद्दे, खालचा पाव म्हणजे समारोप. मुलं मुकाट्यानं पाव-टिक्की-पाव रचत बसतात. प्रत्येक निबंधाला तोच पाव. ज्या ठोकळेबाज निबंधांना कंटाळून या लोकांनी शाळा सोडली, ते ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ तरी यापेक्षा वेगळं काय होतं? आमच्या औरंगपुऱ्यातले गाईडवाले हेच काम किरकोळ पैशांत करत आले. तेही प्रामाणिकपणे, ‘सर्जनशीलता’ असं काही मुखपृष्ठावर न छापता.

आता तुमच्या खऱ्या मालाकडे वळते. तो माल म्हणजे भीती. फुकटच्या डेमोत तुम्ही आवाज खाली आणून विचारता, “शाळा नाही, मग दहावीला काय करणार?” आई घाबरते, बाप कार्ड काढतो. म्हणून जे तुमच्या मार्गदर्शिकेत नाही ते इथं लिहिते. शाळा सोडलेल्या मुलासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था मुलांच्या परीक्षा घेते. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. यांतला कुठलाच अर्ज ‘तुमच्याकडे बर्गर आहे का?’ असं विचारत नाही.

आणि दहावीची मराठी म्हणजे तरी काय? कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण. त्यांत पत्र किंवा सारांश ६ गुणांना. जाहिरात, बातमी, कथा यांपैकी दोन १० गुणांना. निबंध ८ गुणांना. ज्या मुलाला दुकानाची पाटी वाचता येते, आजोबांना चार ओळी लिहिता येतात आणि गल्लीत काय घडलं ते सांगता येतं, त्याला या २४ गुणांसाठी सहा वर्षं आधीपासून हप्ते भरायची गरज नाही.

साहित्य हवं असेल तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. त्याच बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मराठीतल्या नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेला हा खजिना तुम्हाला माहीत नसेल असं कसं म्हणू? पण त्यावर कमिशन नाही, हीच काय ती अडचण.

तुमच्या माहितीपत्रकात ‘जागतिक दर्जाची पद्धत’ असे शब्द तीनदा आहेत. तर जगातलंच एक उदाहरण देते. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाई. घरी शिकवणारे पालक आजही जगभर त्यांचं नाव घेतात. त्यांचा आग्रह असा, की मुलानं आधी ऐकलेलं, वाचलेलं आपल्या शब्दांत तोंडी सांगावं. लेखी रचनेची घाई दहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत करूच नये. तुमचा ‘ज्युनिअर ऑथर’ कोर्स मात्र साडेपाच वर्षांपासून. जग अंमळ मागंच पडलं म्हणायचं.

इतकं लांब कशाला जायचं? लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी कशा मिळवल्या? ज्यांनी त्यांना पाहिलं, ऐकलं होतं, त्यांना गाठून, विचारून, पडताळून. त्यांतले काही प्रसंग ज्यांत घडले ती पैठण आणि वेरूळ ही गावं आपल्या अगदी शेजारची. मराठी गद्य सांगण्यातून आणि कान देऊन ऐकण्यातून उभं राहिलं. तेव्हा उत्तरसूची नव्हती, हे म्हाइंभटांचं भाग्य.

तुमच्या अ‍ॅपला आणखी एक खोड आहे. पोरानं ‘काल टँकर आलता’ लिहिलं की ते खाली लाल रेघ मारतं. बोली म्हणजे चूक! मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन महाराष्ट्राच्या झालेल्या बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर पीएच.डी. केली आणि मग तिथंच कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. परदेशातून आलेल्या बाईंना आमची बोली अभ्यासाच्या मोलाची वाटली. तुमच्या अ‍ॅपला ती पुसण्याच्या लायकीची वाटते. ‘आलता’चं ‘आला होता’ करायला मूल यथावकाश शिकतंच. पण सांगण्याआधीच रेघ बसली, तर ते सांगायचंच सोडून देतं.

धंद्याच्या दृष्टीनं एक फुकटचा सल्ला देते, पुढच्या आवृत्तीत वापरा. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी नहर बांधली, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. विषय असा द्या : ‘चारशे वर्षांपूर्वी नहर, आज टँकर. असं का? पाणचक्कीवर जाऊन बघा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहा.’ स्टिकर लागणार नाहीत. मूल मात्र दोन दिवस घरच्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडेल आणि मग लिहायला बसवावं लागणार नाही. अडचण एवढीच, की हा विषय पेटीत भरून नागपूर, नाशिक आणि न्यू जर्सीला एकसारखा विकता येत नाही.

आता आपला अधिक वेळ घेत नाही. बारा वाजायच्या आत बरीच सावजं गाठायची असतील. उरलेलं तुमच्या गिऱ्हाइकांसाठी.

पालकहो, पेटीवर पैसे घालण्याआधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. यातला विषय माझ्या मुलानं कधी डोळ्यांनी पाहिला आहे का? त्यानं लिहिलेलं गुण न देता कोण वाचणार आहे? त्याची घरातली भाषा यात चालते का? उत्तरं गोलमोल आली तर पैसे खिशात ठेवा. एक दोनशे पानी वही आणा. मूल रोज जे सांगतं ते मोबाइल बाजूला ठेवून ऐका आणि त्यातलं त्याला आवडेल तेवढं लिहू द्या. आठवड्याला एक पत्र आजी-आजोबांना जाऊ द्या आणि त्यांना उत्तर पाठवायला सांगा. व्याकरण दहाव्या-अकराव्या वर्षी शिकवलं तरी बिघडत नाही. ज्या मुलाचं कोणी ऐकतच नाही, त्याला कुठलाही कोर्स लिहितं करू शकत नाही.

कळावे,

आपली (गिऱ्हाईक नसलेली),
एक निवृत्त मास्तरीण

ता.क. : ‘बादल्यात भरून ठेवीन’ला मी दहापैकी दहा दिले आहेत. आपल्या अ‍ॅपमध्ये तशी दुरुस्ती करून घ्यावी.