ताटाच्या मधोमध

मराठी ताट ज्याने कुणी आखलं त्याला वजन कमी करायचं नव्हतं, हे नक्की. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मधोमध वरणभाताची मूद, तिच्यावर तूप. मूद संपली की तिथेच पोळी, पोळी संपली की तिथेच ताकभात. डावं-उजवं सगळं तोंडी लावायला. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या तक्त्यावरून नेमकी मधली जागा रिकामी केली. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी बंद. भाज्या, पनीर, अंडी, दही, मूठभर बदाम चालू.

मी विचारलं, "पण भाजी कशाशी खायची?"

बाई म्हणाल्या, "चमच्याने."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. फी भरली आणि ठाण्याची रिक्षा पकडून घरी आले.

आमच्या घरी धान्य न खाण्याचं एकच कारण मान्य आहे, ते म्हणजे उपवास. त्यामुळे रात्री मी पोळीच्या डब्याला हात लावला नाही तेव्हा सासूबाईंनी आधी कालनिर्णयकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती, वारही तसा काही नव्हता. "कुणाला काही बोललीयस का?" त्यांनी हळूच विचारलं. बोलणं म्हणजे नवस. "वजनासाठी आहे, आई," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. नवसाचं कारण चारचौघांत सांगायचं नसतं, हे त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेतून आले तर ओट्यावर साबुदाणावड्यांचा डोंगर. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, शेजारी दाण्याची दह्यातली चटणी. वयाच्या ऐंशीत गुडघे धरून त्या माझ्यासाठी तळणीपुढे उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, हे मला चालत नाही."

"साबुदाणा धान्य आहे का?"

"नाही."

"बटाटा धान्य आहे का?"

"नाही, पण..."

"मग खा."

तर्कात कुठे भोक नव्हतं. धान्यमुक्त आहार हा आजकालचा शोध आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरी आषाढीला जेवायला जावं. आपण पिढ्यान्‌पिढ्या धान्यमुक्त आहोत, दर पंधरवड्याला, आणि तरी 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडेच आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर पिठूळ माल असतो, तांदळात 80च्या आत-बाहेर. म्हणजे उपवासाच्या दिवशी आपण भात सोडून भाताच्या वरताण काहीतरी खातो आणि वर वाटीभर ताक पिऊन आडवे होतो. गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मंडळी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांची जहाजं यायच्या आधी या देशात साबुदाण्याच्या खिचडीचं सामानच नव्हतं. हे मी सासूबाईंना सांगितलं. "मग तेव्हाचे लोक उपवासाला काय खात असतील?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही खात. उपासच होता ना त्यांचा."

या एका मुद्द्यावर मात्र त्या आणि आहारतज्ज्ञ बाई एका बाजूला पडतात.

वरीच्या तांदळाचं तर विचारूच नका. ते सरळसरळ गवतवर्गातलं तृणधान्य, ज्वारी-बाजरीचं सख्खं भावंड. तरी उपवासाला चालतं. आणि काही घरांत नवरात्रात धान्यफराळ असतो. त्यात धान्य आधी भाजून घेतलं की झालं. गहू भाजा, मग त्याची पोळी लाटा, नऊ दिवस खुशाल खा. हा दाखला देऊन सासूबाईंनी मला भाजणीच्या थालिपीठाचा प्रस्ताव दिला. मी तो फोनवरून बाईंच्या कानावर घातला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मधली जागा भरण्यासाठी मी पुढे जे उद्योग केले त्यांतला फ्लॉवरचा भात हा सर्वांत प्रसिद्ध. फ्लॉवर किसायचा, कढईत परतायचा, भात म्हणायचं. दिसतोही तसाच. पण कुकरची शिट्टी नाही, वाफ नाही, आणि वरण घातलं की तो वरणाला धरून राहत नाही, पोहायला लागतो. घरभर जो वास सुटतो त्यावरून शेजारच्या काकू गॅस सिलिंडर तपासायला सांगायला आल्या. बदामाच्या पिठाची पोळी हा त्याहून महाग प्रकार. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणकेला ताण देतं, म्हणून पोळी लाटता येते, फुगते. बदामाच्या पिठात ते नाही. पोळपाटावरून तव्यापर्यंतच्या वीतभर अंतरात तिचे तीन जिल्हे होतात. किलोभर बदामांच्या किमतीत महिन्याचा गहू आला असता, हे ह्यांनी तोंडाने सांगितलं नाही. दळणाची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

सगळ्यांत अवघड वेळ संध्याकाळी साडेसातची. कारण धान्य मी सोडलं होतं, घराने नाही. स्वतःच्या हाताने कणीक तिंबायची, तेलाचं बोट लावून घडी घालायची, पोळी टम्म फुगली की वाफ तोंडावर घ्यायची, ती आपटून तूप लावायची, आणि डबा बंद करून आपण काकडी चिरायला बसायचं. जगातल्या एकाही आहारग्रंथात या परिस्थितीवर प्रकरण नाही, कारण ते ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या पोळ्या दुसरं कुणीतरी करत होतं.

त्यातल्या आद्य ग्रंथकाराची गोष्ट सांगते. विल्यम बँटिंग, राहणार लंडन, व्यवसाय अंत्यविधीचा. राजघराण्यातल्या मोठमोठ्या प्रेतयात्रांचं काम या घराण्याकडे असे. उंची 5 फूट 5 इंच, वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना, जिना उतरताना उलटं उतरावं लागे. नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. शेवटी कमी ऐकू येतं म्हणून 1862 साली कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्या डॉक्टरने पाव, दूध, लोणी, साखर, बिअर आणि बटाटा बंद केला. वर्षभरात 46 पौंड उतरले. 1863मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापली आणि ती हातोहात गेली.

ही कथा मी जेवताना सांगितली. सासूबाई थांबल्या. "म्हणजे मयताचं सामान आणणाऱ्या माणसाचं ऐकून तू पोळी सोडलीस?" मग त्यांनी तो काय खायचा हे विचारलं. मांस, मासे, थोडा कोरडा टोस्ट आणि रोज दोन-तीन ग्लास क्लॅरेट, मी प्रामाणिकपणे सांगितलं. "क्लॅरेट म्हणजे?" "वाईन." त्या ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दारू चालते, पोळी चालत नाही. ऐकतोयस ना?" हे फार लक्षपूर्वक ऐकत होते.

ह्यांनाही उत्साह आला होता, पण ह्यांच्या डॉक्टरांनी तो तिथेच मोडला. ह्यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत. गोळ्या साखर खाली ओढतात. खालून धान्यही काढून घेतलं तर ती इतकी खाली जाईल की माणूस चक्कर येऊन पडेल. आधी गोळ्यांचं प्रमाण ठरवू, मग ताटाचं बघू, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून हे पोळी खाताना चेहऱ्यावर वैद्यकीय गांभीर्य ठेवतात.

माझा काटा मात्र पहिल्याच आठवड्यात असा घसरला की मी वजनकाट्याची बॅटरी बदलली. त्याचं कारणही नंतर कळलं. शरीर जी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, ती प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसते. धान्य थांबलं की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. म्हणजे सुरुवातीला मी बारीक झाले नव्हते, वाळत घातली गेले होते. चरबी पुढे सावकाश हलली. तोंडाला मध्येच नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास यायचा; चरबी जळताना अ‍ॅसिटोन तयार होतं, त्याचा तो. बँकेत काउंटरवरचे ज्येष्ठ नागरिक पासबुक लांबून सरकवू लागले, ही एक सोय झाली.

ब्लाउज सैल झाले तसं मला वाटलं, आता कौतुक होईल. आपल्याकडे वजन वाढलं तर "तब्येत छान झालीय" म्हणतात, आणि कमी झालं तर आवाज खाली आणून "रिपोर्ट काय आले?" विचारतात. पुतण्याच्या लग्नात मी मसालेभाताला हात आडवा केला, जिलबीला केला, मठ्ठा तेवढा घेतला. आत्यांनी माझ्या नवऱ्याला खांबाआड नेऊन, पैशांची काही मदत लागली तर संकोच करू नको म्हणून सांगितलं.

मुलगी बंगळुरूहून आहारावरचे अभ्यास पाठवत असते. त्यातला एक मला आवडला. अमेरिकेत स्टॅनफर्डवाल्यांनी सहाशेवर माणसं घेतली, काहींना कमी चरबीचं खायला सांगितलं, काहींना कमी कर्बोदकांचं. मैदा-साखर मात्र दोघांनाही सोडायला लावली. वर्षभराने वजनं केली, आणि 2018मध्ये निकाल छापून आला: एका गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6 किलो. हा फरक नगण्य, असं ते स्वतःच म्हणतात. 700 ग्रॅमसाठी भाताच्या नावाने एवढा शिमगा! पण हे मी घरात अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही. सासूबाईंना कळलं तर कुकर चढेल.

त्यांनी परस्पर सगळ्या सोसायटीला सांगून ठेवलंय, की सुनेने कडक व्रत धरलंय आणि फळ दिसायला लागलंय. चौथ्या मजल्यावरच्या दोघीजणी नियम विचारायला येऊन गेल्या. काल त्यांनी वही-पेन्सिल घेऊन मला समोर बसवलं.

"उद्यापन कधी करायचं?"

"आई, हे व्रत नाही."

"धरलंस तेव्हा विचारलं होतं का मला? उद्यापनाशिवाय टिकत नाही. वजन परत येतं, बघ हवं तर."

वजन परत येतं, हे बाईंनीही सांगितलं होतं. मी गप्प राहिले. त्यांनी लिहायला घेतलं. सोळा सोमवारच्या उद्यापनाला कणकेचा चुरमा असतो, तो या वजनाच्या व्रताला चालेल की पुरणपोळीच करावी, यावर त्यांचं त्यांनीच पुरण ठरवलं. सवाष्णी पाच सांगायच्या की अकरा, एवढंच राहिलं होतं.

"आणि तू मधे मधे बदाम खाऊ नकोस त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पोळ्या लाटायच्यात."