गल्ला तोच, माल नवा

‘धंदा सोडून जनसेवेत आलो,’ असे प्रत्येक उद्योजक-उमेदवार सांगतो आणि जनता मान डोलावते. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचे माजी महापौर ब्रूस स्मॉल यांच्या चरित्रात मात्र धंदा सुटल्याचे पान शोधूनही सापडत नाही. आपण त्यांना शेठच म्हणू. ‘सर’ ही पदवी त्यांना 1974 मध्ये मिळाली. शेठपण त्याच्या कितीतरी आधीचे.

शेठनी 1920 मध्ये मेलबर्नच्या माल्व्हर्न भागातले एक सायकलचे दुकान घेतले. सायकली सगळेच विकत होते, शेठनी सायकलस्वार विकायला काढला. ह्युबर्ट ऑपरमन नावाचा चुणचुणीत पोरगा शर्यतीत चमकला, त्याला दुकानात ठेवून घेतले. 1928 मध्ये हा पोरगा थेट टूर द फ्रान्सला धावला आणि दुकानाची ‘माल्व्हर्न स्टार’ सायकल घराघरांत पोचली. ऑपरमन पुढे केंद्रीय मंत्री झाला. एका सायकलच्या दुकानातून एक केंद्रीय मंत्री आणि एक महापौर! आपल्याकडे एवढ्या उत्पादनाला निदान एक साखर कारखाना तरी लागतो.

उतारवयात शेठ क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आले. या वयात माणसाने नदीकाठी बसून पाणी बघावे. शेठनीही बघितले, त्यांना पाण्यात प्लॉट दिसले. नेरांग नदीकाठची दलदल उपसली, भराव टाकला, कालवे काढले आणि वसाहतीचे नाव ठेवले ‘आयल ऑफ कॅप्री’. चिखल गावचा, नाव इटलीचे.

पण नुसता प्लॉट खपवून भागत नाही, त्याच्या भोवतीचे गावही खपवावे लागते. म्हणून 1967 मध्ये शेठ महापौर झाले. नेमकी त्याच वर्षी चक्रीवादळांनी किनाऱ्याची वाळू ओढून नेली. दुसरा कुणी असता तर समिती नेमली असती. शेठनी ‘मीटर मेड’ मुली बरोबर घेतल्या आणि देशभर दौरा काढला. या मुलींचे काम मोठे लोकाभिमुख. गावात पार्किंगचे मीटर बसले, तेव्हा गिऱ्हाईक पळेल म्हणून व्यापारी धास्तावले. त्यांनी 1965 पासून सोनेरी बिकिनीतल्या मुली रस्त्यावर उतरवल्या. मीटरची वेळ संपली की त्या स्वतः नाणे टाकायच्या आणि गाडीवाल्याचा दंड वाचायचा. पालिकेने दंड लावायचा, व्यापाऱ्यांनी तो चुकवायचा आणि महापौरांनी त्याचीच जाहिरात करत देश फिरायचा! शेठची घोषणा होती ‘थिंक बिग’. फोटोत मागे वाळू किती उरली आहे, हे बघायला सवड कुणाला?

1972 मध्ये शेठ सर्फर्स पॅरडाइजचे आमदार झाले, तेही कंट्री पार्टीचे. म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष आणि मतदारसंघात पीक फक्त पर्यटकांचे. पेरणी जाहिरातीची, कापणी हॉटेलात. महापौरपदही वर्षभर हाताशी होतेच. त्या काळात शहराचे गाऱ्हाणे आमदारांच्या कानावर घालायचे, तर महापौरांना आरशासमोर उभे राहिले की पुरे होते. शासनाच्या दोन स्तरांत इतका समन्वय कुठल्याही राज्यघटनेला जमलेला नाही.

1976 मध्ये, ऐंशीच्या घरात, शेठ पुन्हा महापौर. दोन वर्षांनी राज्य सरकारने नगर परिषदच बरखास्त करून प्रशासक नेमला. सरकारही शेठच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालचे. प्रशासकराज म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

1980 मध्ये शेठ वारले. सर्फर्स पॅरडाइजमध्ये त्यांचा पुतळा आहे. त्यांनी शहर विकले, अशी कुणी टीका केली तर ती अर्धीच खरी. विक्रीला दोन बाजू लागतात. आधी सायकल, मग प्लॉट, मग अख्खे गाव असा माल बदलत गेला, गल्ल्यावरचा माणूस तोच राहिला आणि गिऱ्हाईक खूश होते. 1967 मध्ये घेतलेला माल वापरून झाल्यावर 1976 मध्ये तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात आले. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपण दुकानात लावतो. तिची खरी गरज मतदान केंद्राच्या दारावर आहे.