व्हाया पुणे

लातूर-नांदेडकडचा माणूस कधी थेट गोव्याला निघत नाही. तो कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघतो. तुळजापूर वाटेवरच आहे, तिथं ओटी भरून होते. मग रंकाळ्यावर भेळ खाता खाता कुणीतरी म्हणतं, "इथवर आलोच आहोत, तर..." हे 'तर' आंबोलीचा घाट उतरतं, सावंतवाडी ओलांडतं आणि थेट कळंगुटच्या वाळूत जाऊन बसतं. परतल्यावर शेजारी अंबाबाईचा प्रसाद जातो, काजू घरातच राहतात.

घरोघरचा हा बनाव आता सरकारनंच अधिकृत करायला घेतला आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून निघणाऱ्या, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचं नाव शक्तिपीठ महामार्ग. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर अशा देव्या जोडत तो संपतो कुठं, तर पत्रादेवीला. महाराष्ट्रात साडेतीन पीठं, मग हे पाचवं कधी निघालं, असा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रश्न पडतो. पत्रादेवी म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा नाका. तिथं सर्वांत जागृत म्हणाल तर उत्पादन शुल्क खात्याची माणसं.

नागपूर ते गोवा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येणार, असं सांगतात. खर्च ८६ हजार कोटींच्या वर. कोल्हापूरकडचे शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत, आखणी इकडून तिकडं सरकते आहे, सर्व्हे नंबर बदलताहेत. तोवर गोव्याला जाण्याची चिंता नाही, जाताना माणूस उत्साहावर जातो. चिंता परत यायची असते.

लातुरात औसा रोडवर राहणारे आमचे एक काका, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी कळंगुटच्या लॉजवर शेवटच्या संध्याकाळी सर्वपक्षीय बैठक बोलावली. विषय एकच : घरी कसं जायचं.

जावई रेल्वेवाला. त्याचं म्हणणं, मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या धरायची, ती पहाटे पनवेलला सोडते. पनवेलहून नांदेडला गाडी आहे आणि ती पुणे, कुर्डुवाडी, लातूर करतच जाते. ऐकायला झकास. फक्त ती पनवेलहून सुटते दुपारनंतर. म्हणजे बॅगा, पोरं आणि काजू घेऊन अर्धा दिवस पनवेलचा फलाट. मडगावहून नागपूरलाही गाडी सुटते म्हणून काकांनी आशेनं मार्ग विचारला, तर ती पनवेल, कल्याण, नाशिक, भुसावळ, अकोला अशी जाते. नुकतीच सारवलेली ओसरी टाळून कडेकडेनं जावं, तशी ती मराठवाड्याला वळसा घालते. राहिली कोल्हापूर-नागपूर. ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडीवरून बरोब्बर लातुरात येते, पण आठवड्यातून दोनदा. आपली सुट्टी त्या दोन वारांना संपेल असं पंचांग अजून निघालेलं नाही.

मिरजेहून लातूरला यायची खास सोय रेल्वेनं केली होती, २०१६च्या दुष्काळात. ती पाण्यासाठी. एप्रिलमध्ये पहिली 'जलदूत' गाडी पाच लाख लिटर घेऊन आली आणि त्या उन्हाळ्यात पाणी जवळजवळ रोज आलं. स्टेशनावर स्वागताला गर्दी, फोटो, आणि श्रेय कुणाचं यावर पुढाऱ्यांची भांडणं. माणसांच्या गाडीला आमच्याकडं हा मान नाही. उलट मुंबई-लातूर गाडी २०१७ मध्ये बिदरपर्यंत नेली, तेव्हा लातूरला आंदोलन करावं लागलं. शेवटी भावाभावांत विहिरीच्या पाळ्या पडतात तसे वार वाटून मिळाले.

मुलगी म्हणाली, विमानानं जाऊ. गोव्यातल्या मोपाहून हैदराबाद, तिथून नांदेड-लातूर गाठायचं. लातूरला विमानतळ आहे. २००९ मध्ये तो भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडं गेला, आणि सामान्य लातूरकरानं तो बाहेरून पाहिलेला आहे. नांदेडलाही आहे, तिथलं विमान कधी सुरू असतं, कधी बंद. त्यामुळं हैदराबाद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला हे खरं, पण नांदेड विभागाच्या रेल्वेचा कारभार अजून सिकंदराबादहून चालतो आणि विमानाचा प्रवासीही हैदराबादलाच उतरतो. मुक्तिसंग्रामाची बातमी वाहतूक खात्यांपर्यंत पोचायची राहिली असावी. काकांनी चार तिकिटांची बेरीज केली आणि हा ठराव मतदानाला टाकलाच नाही.

काकू एसटीच्या बाजूनं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं घरातल्या प्रवासाचा अर्थमंत्री बदलला आहे. काका ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्या भाड्याचे. पंचाहत्तरीला फुकट, आणि काका त्र्याहत्तरचे. "अजून दोन वर्षं इथंच राहिलो तर मला फुकट येता यील," असं ते गंभीरपणे बोलले. सवलतीला एक मेख आहे, ती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. म्हणजे पणजीहून एसटीत बसलेली बाई पत्रादेवीपर्यंत पूर्ण आणि बांद्यापासून अर्धी. मागच्या खेपेला काकूंनी कंडक्टरला विचारलंच होतं, "मग मी नाक्यापर्यंत चालत आले तर?" कंडक्टरनं घंटी मारली. आता आंबोली, कोल्हापूर, सोलापूर असं टप्प्याटप्प्यानं, स्टँड बदलत, उभं राहत यायचं या कल्पनेनं जावयाची कंबर आधीच दुखू लागली, म्हणून एसटी तहकूब.

उरलं ते ट्रॅव्हल्स. गोव्याहून पुणे, पुण्याहून लातूर. नकाशावर हा मार्ग काढून दाखवला तर भूगोलाचा मास्तर छडी घेईल, आणि काका स्वतः भूगोलाचेच मास्तर. पण मराठवाड्यातून कुठूनही कुठंही जायचं तर पुणं लागतंच. शिकायला पुणं, नोकरीला पुणं, ऑपरेशनला पुणं, मुलगी बघायलासुद्धा पुणं. संध्याकाळ झाली की पुण्यात स्लीपर गाड्यांची रांग लागते आणि लातूर, नांदेड, अहमदपूर, उदगीर अशा आरोळ्या उठतात. त्या गाडीचं एक शास्त्र आहे. नऊचा पिकअप म्हणजे साडेनऊला पहिला फोन, "पाच मिनटात पोचलो". पावणेदहाला दुसरा, "पूल उतरलो". गाडी येते तेव्हा आपला बर्थ शेवटचा, डिकीवरचा. तिथं झोपणारा रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखू लागतो. ब्लँकेटला आदल्या प्रवाशाच्या केसांच्या तेलाचा वास. चालकाच्या केबिनमध्ये दोन जादा माणसं आणि एक पोतं. भाड्याबद्दल २०१८चा शासन निर्णय आहे, एसटीच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही. दिवाळीत त्याची आठवण करून दिली तर एजंट प्रेमानं म्हणतो, "मग एसटीनं जावा की मालक."

ठराव ट्रॅव्हल्सचाच झाला. पुण्यात मुलगा आहे, त्याच्याकडं काजूचं एक पुडकं द्यायचं होतं. काजूच्या पुडक्याला नकाशा लागत नाही.

परत आल्यावर काकांच्या शेतावर मोजणीचं पथक आलेलं. त्यांची चार एकर नेमकी त्या देवीच्या रस्त्यात. काकांनी आधी एवढंच विचारलं की समुद्राला एक रस्ता आहेच की, नांदेड-लातूर-तुळजापूर-सोलापूर-सांगली-कोल्हापूर करत रत्नागिरीला जाणारा. त्याचं काय वाईट झालं? साहेब तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "काका, तो साधा हायवे. हा द्रुतगती. मधे कुणी घुसायचं नाही. सकाळी बसलात की दुपारी गोव्यात."

"अन् माझ्या पलीकडच्या तुकड्यात जायला?"

"खालून बोगदा देतील. किंवा जरा वळसा."

काकांनी चष्मा पुसला, नकाशावर वाकून बराच वेळ बोट फिरवलं. मग विचारलं, "ह्याच्यात पुणं कुठं लागतंय?"

"पुणं नाही लागत काका."

"मंग पोराकडं कसं जायचं?"