ओव्हरकाका

ओव्हरकाकांना "काय काका, कसं काय?" असं विचारलं की पहिला एक सेकंद काहीच घडत नाही. काका आपल्याकडे बघतात, हातात काही नसलं तरी अंगठा हवेत दाबला जातो, आणि मगच उत्तर येतं. नव्या माणसाला वाटतं, यांना कमी ऐकू येत असणार. तसं काही नाही. वॉकीचं बटण दाबल्यावर सेट बोलता व्हायला, मध्ये रिपीटर असेल तर तो जागा व्हायला आणि पलीकडचा स्पीकर उघडायला क्षणभर जातो. तेवढ्यात घाईने काही बोललं तर पहिला शब्द पोचतच नाही. पोलिसांच्या बिनतारी विभागात उभी हयात काढलेल्या माणसाने पहिला शब्द कधी वाया घालवला नाही. आता निवृत्तीनंतर तरी का घालवावा?

काकांचं खरं नाव पेठेत फक्त पोस्टमनला आणि गॅसवाल्याला माहीत आहे. बाकी सगळ्यांचे ते ओव्हरकाका. गणेश मंडळाचे दहा वॉकीटॉकी सेट, त्यांच्या बॅटऱ्या, चार्जर, अँटेना आणि या सगळ्यांचं चारित्र्य त्यांच्या ताब्यात असतं. असे काका बहुतेक पेठांत, सोसायट्यांत आणि ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये सापडतात. कुठे ते माजी सैनिक असतात, कुठे रेल्वेतले, तर कुठे नुसतेच हौशी. कमरेचा पट्टा मात्र सगळीकडे असतो. आमचे काका घरी पायजमा घालतात आणि त्यावरून चामड्याचा पट्टा बांधतात, कारण नाडीला सेट पेलत नाही. काकूंनी या पोशाखाला सुरुवातीला विरोध केला होता म्हणे. आता त्या पट्टाही पायजम्याबरोबरच दोरीवर वाळत टाकतात.

सेट हातात देण्याआधी काका दीक्षा देतात. अँटेनाला धरून सेट उचलायचा नाही. ती मूठ नव्हे. अँटेना काढून बटण दाबायचं नाही, कारण बाहेर जाणारी ताकद उलटून आतच येते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर. ओरडायचं नाही. ढोल-ताशा वाजत असताना ओरडायचं नाही हे आमच्या पोरांना पटतच नाही, पण ओरडलं की आवाज फाटतो आणि पलीकडे नुसती खरखर पोचते. काका अशा वेळी गोंगाटाकडे पाठ करतात, माईकवर तळहाताचा आडोसा धरतात आणि देवघरात बोलावं तितक्या आवाजात बोलतात. ते शब्दन् शब्द पोचतं. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र काही ऐकू येत नाही.

यातलं सगळ्यात मोठं कलम म्हणजे वाक्य संपेपर्यंत बटण सोडायचं नाही. हे कलम एका विसर्जन मिरवणुकीतून आलं. गणपती चौकात गर्दी तुंबली होती. पुढच्या कार्यकर्त्याने मागे निरोप दिला, "ट्रॅक्टर पुढे आणू नका." पण 'आणू' म्हणता म्हणताच त्याचा अंगठा सुटला. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो, तो त्याच्या हातातच राहिला. मागे ऐकू आलं, "ट्रॅक्टर पुढे आणू". मागच्या मुलाला वाटलं, कुणीतरी परवानगी मागतंय. तो मोठ्या मनाने म्हणाला, "आण की!" हे 'आण की' ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं, जनरेटरवाल्याने ऐकलं आणि पाण्याच्या टँकरवाल्यानेही ऐकलं. तिघेही आले. तेव्हापासून काका नव्या मुलांकडून "आणू नका, सोडू नका, येऊ नका" अशी वाक्यं बाराखडीसारखी घोकून घेतात. 'नका'नंतर मनात एक मोजायचं आणि मग बटण सोडायचं.

'ओव्हर'चं म्हणाल तर तो काकांचा कुळाचार आहे. माझं झालं, आता तू बोल, म्हणजे ओव्हर. संभाषण संपलं, म्हणजे आऊट. सिनेमातला हिरो 'ओव्हर अँड आऊट' म्हणाला की काका टीव्हीचा आवाज बंद करतात. "या, बसा म्हणायचं आणि तोंडावर दार लावायचं, त्यातला प्रकार," असं त्यांचं मत आहे. घरात मात्र या शिस्तीने त्यांचंच नुकसान केलंय. काकू बोलायला लागल्या की काका ओव्हरची वाट बघत थांबतात आणि काकू ओव्हर म्हणत नाहीत. पेठेत काकांची मवाळ म्हणून जी ख्याती आहे, तिचं मूळ इथे आहे.

त्यांचं मोबाईलवरचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. आधी ज्याला फोन केला त्याचं नाव दोनदा, मग आपलं नाव, मग निरोप. आकडे एकेक करून सांगायचे. 'एकोणसत्तर' म्हटलं की निम्म्या लोकांच्या कानात सहा-नऊ जातं आणि निम्म्यांच्या सात-नऊ, म्हणून काकांच्या जगात एकोणसत्तर हा आकडाच नाही. बँकेतल्या मुलीला पॅन नंबर सांगताना ते "अल्फा, फॉक्सट्रॉट, सिएरा" असे निघाले. तिने विचारलं, "सर, एस फॉर सचिन का?" काकांनी एक सेकंद थांबून सांगितलं, "नाही. सिएरा." ते काम पूर्ण व्हायला पुढे बराच वेळ गेला. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज मात्र त्यांना मनापासून आवडतो. दाबा, बोला, सोडा, आणि मुख्य म्हणजे मध्ये कुणी बोलू शकत नाही. नातीच्या वाढदिवसाचा त्यांचा मेसेज 'अनेक आशीर्वाद, ओव्हर' असा संपतो. नातही आता "थँक्यू आजोबा, ओव्हर" म्हणते.

काकांसमोर विचारू नये असा एकच प्रश्न आहे, तो म्हणजे "काका, याची रेंज किती?" खोक्यावर छापलेले किलोमीटर हा त्यांच्या मते खोक्यावर छापलेल्या लाडवाच्या फोटोइतकाच खरा. हातातला सेट जेमतेम 5 वॅटचा. जुन्या झिरोच्या दिव्यालाही याहून जास्त वीज लागायची. त्याच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. वाड्याच्या बोळात, तीन इमारतींच्या आड, शेजारच्या चौकातलाही माणूस सापडायचा नाही, आणि तोच सेट घेऊन सिंहगडावर उभे राहा, खालचं शहर सगळं कानाशी येतं. म्हणूनच टीव्हीचा मनोरा सिंहगडावर आहे, शनिपाराशी नाही. एवढं सगळं ऐकवून झालं की प्रश्नाचं उत्तर येतं: "तू कुठे उभा आहेस, त्यावर आहे."

भाच्याने एकदा ऑनलाइन स्वस्तातला सेट मागवला आणि कौतुकाने दाखवायला आणला. कुठलीही फ्रिक्वेन्सी घालता येते, काहीही ऐकू येतं, कुठेही बोलता येतं. काकांनी तो हातात घेतला, बॅटरी काढून वेगळ्या खिशात ठेवली आणि 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा तोंडपाठ म्हणून दाखवला. 446 मेगाहर्ट्झजवळचा एक चिंचोळा पट्टा कमी ताकदीच्या सेटना बिनपरवाना खुला आहे, हे त्यांना मान्य आहे. पण 'कमी ताकदीच्या' हे शब्द ते अशा ताकदीने उच्चारतात की भाच्याने सेट परत मागितलाच नाही. मंडळाला कधी जादा सेट भाड्याने आणावे लागले, तर तेव्हाही काका देणाऱ्याकडे आधी परवान्याची प्रत मागतात आणि मग चहा विचारतात.

आता बॅटऱ्या. इथे काकांचा खरा जीव आहे. प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर आणि सेवेत रुजू झाल्याची तारीख. वहीत प्रत्येकीचं एक पान. दीड-दोन वर्षं झाली की काका तिच्याकडे संशयाने बघू लागतात. निकेल-कॅडमियमच्या जमान्यात बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा चार्जिंगला लावली की ती तेवढ्याच कामाची सवय लावून घ्यायची, म्हणून पूर्ण उतरवावी लागे. लिथियमला ते लागत नाही; उलट पूर्ण उतरवली तर तीच बिघडते. काकांनी हा बदल मनाने स्वीकारला आहे, पण अर्धी भरलेली बॅटरी चार्जरवर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही अपराधी भाव येतो. सेट बंद करूनच चार्जरवर ठेवायचा, हिरवा दिवा लागल्यावर काढायचा, आणि उत्सव संपला की बॅटऱ्या साधारण निम्म्या भरून, सेटमधून काढून, थंड कोरड्या जागी ठेवायच्या. घरातली थंड कोरडी जागा म्हणजे काकूंच्या कपाटातला पैठणीचा कप्पा. पैठणी सध्या वर, बॅगेत आहे.

पावसाचंही तसंच. पोरांनी कुठेतरी वाचलं की आपल्या सेटना आयपी67 आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतात, आणि एक सेट थेट बादलीत सोडला. काका धावले, पण बादलीकडे नाही. सेटच्या कडेचं, इअरफोनच्या भोकावरचं रबरी झाकण कुठाय, हे शोधायला. ते झाकण जागेवर नसेल तर आयपीला काही अर्थ नाही. झाकण एका कार्यकर्त्याच्या किल्लीच्या जुडग्यात निघालं. त्याला ते शोभिवंत वाटलं होतं.

फुरसत असली की काका 2004 च्या डिसेंबरची गोष्ट सांगतात. हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद तेव्हा पोर्ट ब्लेअरला आपला सेट लावून बसल्या होत्या, जगभरातल्या हौशींशी गप्पा मारायला. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्या गप्पांच्या सेटवरूनच अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. "तो हातातला सेट नव्हता हं, लांब पल्ल्याचा, एचएफचा होता," हे काका प्रामाणिकपणे जोडतात. ऐकणारी मुलं म्हणतात, "काका, आता मोबाईल आहेत की." काका काही बोलत नाहीत. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर त्याच मुलांच्या फोनवर रेंजच्या चार काड्या दिसत असतात आणि फोन लागत नसतो. तेव्हाही काका काही बोलत नाहीत, फक्त सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने रेडिओ चेक घेतात. "आवाज कसा येतोय?" याला "ठीक" हे उत्तर चालत नाही. "मोठा आणि स्पष्ट" म्हणावं लागतं, नसला तरी.

मागे अशाच एका रात्री आमचा खजिनदार मागच्या खिशात सेट ठेवून दुकानाच्या पायरीवर बसला. बटण पायरीवर दाबलं गेलं. एकाने बटण दाबून धरलं की त्या चॅनलवर बाकी सगळे मुके. ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही. बेलबागेपासून अलका चौकापर्यंत आमच्या उरलेल्या नऊ सेटांवर खजिनदाराचा आवाज घुमू लागला. तोंडात वडापाव होता, पण शब्द कळत होते. "अरे, हा म्हातारा सकाळपासून बॅटरीचे नंबर विचारतोय. बाप्पाची आरती चुकली तरी चालेल, याचा रेडिओ चेक चुकायला नको. पुढच्या वर्षी याला पट्ट्यासकट..." इथे आवाज आपोआप तुटला. कुणी साठ सेकंदांपेक्षा जास्त बटण धरू नये म्हणून काकांनीच सगळ्या सेटना टायमर लावून घेतला होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तोवर खजिनदाराने बैठक बदलली आणि पुढचे साठ सेकंद सुरू झाले. त्यात काकांच्या पायजम्याचा विषय निघाला.

मंडपात काका नेहमीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही उघडून बसले होते. आजूबाजूची पोरं बूट न्याहाळत होती. काकांनी घड्याळ पाहिलं, वहीत वेळ टिपली आणि दोन साठांमधल्या फटीत बरोबर दोन शब्द घातले: "बटण सोड."

खजिनदार गर्दीतून पळत आला, रंगलेला होता तरी पांढरा दिसत होता. "काका, ते मी... म्हणजे तसं नव्हतं..."

काका एक सेकंद थांबले. "आवाज छान येत होता. खिशात असूनही. पण कोण बोलतंय ते काही कळलं नाही. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं, हे मी कधीपासून सांगतोय."

वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: 'चॅनल अडकला. कारण: बटण.' नाव लिहिलेलं नाही.

विसर्जनानंतरच्या दुपारी काकांकडे सेट धुण्याचा कार्यक्रम असतो. खरं म्हणजे पुसण्याचा, कारण गुलाल माईकच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतो आणि पाणी लावलं की त्याचा चिखल होतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने वरून पुसायचं. थिनर नाही, एकाने तो वापरला तर अख्खं केसिंग पांढरं पडलं. बॅटरीची पितळी टोकं पेन्सिलच्या खोडरबराने. या कार्यक्रमाला सहसा कुणी फिरकत नाही. सगळे झोपलेले असतात. त्या वर्षी मात्र दारावर खजिनदार उभा होता, हातात टूथब्रश घेऊन. काकूंनी पोह्यांची आणखी एक बशी भरली. काकांनी त्याला जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दिलं, चार नंबरचा सेट, म्हणजे त्याचाच, त्याच्यापुढे ठेवला आणि ब्रश उजेडात धरून नीट पाहिला.

"नवा आहे ना? वापरलेला चालत नाही. पेस्ट राहते."