हप्ता वसूल

नानांच्या बंगल्याला आजवर काही झालेलं नाही, हे नानांचं मोठं दुःख आहे.

कासारसाईच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची प्लॉटिंगची स्कीम. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी इथे तीन गुंठ्यांवर बंगला बांधला आणि वास्तुशांतीचे नारळ सुकायच्या आत त्याचा विमा उतरवला. इथवर माणूस शहाणा. आपल्याकडे गाडीचा विमा पोलिसाच्या भीतीने उतरवतात, आयुष्याचा मेव्हणा एजंट असतो म्हणून, आणि घराचा गृहकर्ज देताना बँकेने गळ्यात मारला म्हणून. स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घराचा विमा घेणारा माणूस मुळशी तालुक्यात दिवा घेऊन शोधावा लागेल. पण नानांना आगीचा किंवा पुराचा धसका होता म्हणून त्यांनी तो घेतला, असं समजू नका. एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी ठेवणं सक्तीचं झालं, आणि तिच्यात इमारतीच्या विम्याच्या वीस टक्के रकमेपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांचं, घरातलं सामान यादी न देता धरलं जातं, एवढं नानांनी पेपरात वाचलं. ‘यादी न देता’ हे शब्द त्यांना भावले. काहीतरी वर मिळतंय, असं वाटलं की नाना विरघळतात.

पैसे दिले की त्याचं काहीतरी हातात आलं पाहिजे, हा त्यांचा जन्माचा नियम. लग्नात एकशेएकाचं पाकीट देऊन चारदा जिलबी मागून घेणारा पंथ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाना त्याचे महंत. डॉक्टरांनी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हटलं, तर ते तपासणी फीचा अर्धा भाग परत मागतात. विम्याच्या बाबतीत मात्र हा नियम अवघड जागी येऊन बसतो. आगीच्या विम्याचा हप्ता वसूल व्हायचा तर घराला आग लागायला हवी.

तसं त्यांच्या मनात नाही, हे मी त्यांच्या वतीने सांगतो. घर जळावं असं कोणाला वाटेल? त्यांना फक्त थोडंसं काहीतरी व्हायला हवंय.

पॉलिसीतली संकटांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते ती आम्हाला ऐकवतात: आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, वणवा, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, बाहेरची वस्तू येऊन आदळणे. आणि क्षेपणास्त्र चाचणी. हे खरंच त्या यादीत आहे. पाषाणला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, हे ध्यानात आल्यापासून नाना अधूनमधून त्या दिशेला आशेने पाहतात. भूकंपाचं त्यांना वाईट वाटतं. “कोयनेचा पट्टा झोन चारमध्ये, आपलं पुणं तीनमध्ये. इथेही आपण मधल्यामध्ये!” दरड त्यांनी सोडून दिली, कारण बंगल्यामागे डोंगर नाही. त्यांची खरी भिस्त ‘आदळणे’ या कलमावर. जवळच श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. गळीत हंगामात उसाने लादलेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. कुंपणाची भिंतही विम्यात येते. त्या दिवसांत नाना फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. एकदा एका ट्रॉलीची शेपटी भिंतीला निसटती घासली. नाना उठेपर्यंत चालकाने खाली उतरून पाया पडून दोन हजार रुपये हातात ठेवले. “नीच माणूस,” असं नाना त्याच्याविषयी अजून म्हणतात.

दरवर्षी मार्चमध्ये नूतनीकरण येतं, तेव्हा बघायला गर्दी होते. एजंट गावातलाच पोरगा आहे, अंगाने बारीक, स्वभावाने संत. एका वर्षी हप्ता एकोणीसशे साठवरून तेवीसशे दहावर गेला.

“साडेतीनशे कशाचे?” नाना.

“बांधकाम महागलं नाना. दोन हजार रुपये फुटाने धरलेलं, आता बावीसशेने धरलं. अकराशे फुटाचे चोवीस लाख वीस हजार झाले. कंपनीचा रेटबी थोडा वाढलाय.”

“आणि माझ्या गुंठ्याचा भाव वाढला तो?”

“जमीन जळत नसती नाना. तिचा इमा नसतो.”

“कर काढ मग. 22 सप्टेंबर 2025 पासून विम्यावरचा जीएसटी गेला.”

“आयुष्याचा आन् आरोग्याचा गेला. घराला अठरा टक्के तसाच हाय.”

“म्हणजे मी करमुक्त आणि माझं घर नाही?” नानांनी चष्मा काढला. “बरं, गाडीला क्लेम नसला की पहिल्या वर्षी वीस टक्के सूट, पाच वर्षांनी पन्नास. इथे इतकी वर्षं मी एक काडी पेटू दिली नाही, त्याचं काय?”

या पॉलिसीत तसं काही नाही, असं पोराने सांगितलं. मग त्याने खरोखर शहाणपणाची वाट दाखवली: गृह रक्षा एकदम दहा वर्षांची घ्या, विम्याची रक्कम दरसाल दहा टक्क्यांनी आपोआप वाढेल, त्यासाठी जादा हप्ता नाही, मार्चची कटकटही नाही. नानांनी बराच वेळ विचार केला.

“आणि दहा वर्षांचे पैसे आधी भरले, अन् आग अकराव्या वर्षी लागली तर?”

पोरगा पाणी प्यायला आत गेला तो काकूंशीच बोलत बसला.

नानांना हसणं सोपं आहे. आमच्या स्कीममध्ये महिन्याला दुधावर साडेतीन हजार घालवणाऱ्या, पण घराच्या विम्याचं नाव काढलं की ‘बघू’ म्हणणाऱ्या लोकांची संख्या बरीच आहे, आणि ते सगळेच नानांना हसतात. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात हेच लोक ‘सहज’ म्हणून नानांच्या व्हरांड्यात चहाला येऊन गेले. नानांनी त्यांना पानशेत ऐकवलं. 12 जुलै 1961 ला ते धरण फुटलं तेव्हा नाना पहिलीत होते. “पेठांतले वाडे बसले. कोणाकडे होता विमा?” हे ते अशा आवाजात विचारतात की, समोरच्याला आपणच ते धरण फोडल्यासारखं वाटतं.

मग आला होमस्टे. शनिवार-रविवारी हिंजवडीची पोरं धरणावर गर्दी करतात. शेजारच्या बंगल्याने त्यांना खोल्या द्यायला सुरुवात केली आणि नानांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या असणं त्यांना सोसेना. पाटी लागली. मार्चमध्ये एजंटने ती पाटी पाहिली आणि तो फाटकातच थांबला.

“नाना, पैसं घेऊन मानसं ठेवली म्हंजी ही घराची पॉलिसी चालायची न्हाई. हा धंदा झाला.”

लहान धंद्यांसाठी, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशी वेगळी पॉलिसी आहे. नानांना ‘उद्योजक’ व्हायला आवडलं. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, ते आवडलं नाही. आणि त्यात पहिल्यांदाच त्यांना डिडक्टिबल भेटलं. दर क्लेममधले पहिले दहा हजार तुमचे, पुढचं कंपनी बघेल. आगीच्या जुन्या सर्वसाधारण पॉलिसीतही अशी वजावट होती, पण राहत्या घरांना तिच्यातून सूट असायची, म्हणून नानांची आणि तिची गाठ कधी पडली नव्हती. त्यांनी तो कागद उजेडात धरून वाचला. “म्हणजे हप्ता मी भरायचा, आणि नुकसानही मीच भरायचं?”

माझं मत विचाराल तर वजावट ही वाईट गोष्ट नाही. फुटकी काच आपण आपली बदलावी, छप्पर गेलं तर कंपनीने बघावं. हे एकदा मान्य केलं की हप्ताही आवाक्यात राहतो. पण मग वजावट आपल्या खिशाला झेपेल एवढीच ठेवावी लागते. एजंटने सहज सांगितलं की, पंचवीस हजारांची वजावट पत्करली तर हप्त्यात सहाशे रुपये सूट मिळेल. सूट! नानांनी तिथल्या तिथे सही केली. त्या संध्याकाळी ते कमालीचे प्रसन्न होते. कंपनीला सहाशेला गंडवलं, असं त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं.

मेमध्ये वळीव आला. असा वारा मी कासारसाईत पाहिला नव्हता. गच्चीवरच्या शेडचे पत्रे उडाले, सोलरच्या नळ्या फुटल्या, पाण्याची टाकी कलंडली. पहाटे नाना गच्चीवर उभे, चेहऱ्यावर तेज. इतक्या वर्षांचा नवस फळाला आला होता. दहाला फॅब्रिकेटर आला, त्याने मापं घेतली, हिशेब केला.

एकवीस हजार चारशे.

नाना खाली बसले. तीन हजार सहाशे कमी पडत होते. दिवसभर हातात टेप आणि बॅटरी घेऊन ते बंगल्याभोवती फिरले. झोपाळ्याची कडी वाकली होती, ती आनंदाने टिपून घेतली. तुळशीजवळची कुंडी तडकली होती, तीही लिहिली.

“ती गणपतीत तुम्हीच फोडलीत,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. कुंडी खोडली गेली.

फॅब्रिकेटर जगरहाटी जाणणारा. “नाना, तीस हजाराचं कोटेशन देऊ का लिहून?” नानांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. आमच्यापैकी किती जणांनी काढलं असतं, हा प्रश्न मी स्कीमच्या बैठकीत विचारणार नाही. नाना खोट्या बिलावर सही करणार नाहीत. त्यांना खरं, रीतसर, पंचवीस हजारांच्या वरचं नुकसान हवं होतं.

आठवड्याने पुन्हा वारं सुटलं आणि शेजारचं झाड त्यांच्या फाटकावर आडवं झालं. नुकसान नऊ हजार. दोन्हींची बेरीज तीस हजारांवर! नानांनी एजंटला फोन लावला, तर तो म्हणाला की प्रत्येक घटनेला वजावट वेगळी.

“वारा एकच होता. मध्ये जरा थांबला होता.”

हे काही चाललं नाही. मग नाना बस पकडून नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांच्या कार्यालयात जाऊन आले. तिथे तक्रारीला फी नाही आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते, यावर ते खूश होते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर उत्तराची वाट पाहायची आणि मगच इथे यायचं, असं त्यांना नीट समजावून सांगितलं. पण तक्रार कशाची करणार? कंपनीने काही नाकारलेलंच नव्हतं. नानांनी अजून काही मागितलंच नव्हतं. एवढ्या लांब गेलोच आहोत म्हणून ते मिसळ खाऊन आले.

यंदाच्या मार्चमध्ये त्यांनी वजावट परत दहा हजारांवर आणली. सूट गेली, हप्ता वाढला. त्यानंतर आजपर्यंत कासारसाईत पान हललेलं नाही.

धरणावर याल तेव्हा नानांकडेच उतरा. खोल्या स्वच्छ, काकूंच्या हातचे पोहे उत्तम, भाडं वाजवी. फक्त निघताना ‘देवाच्या कृपेने तुमचं सगळं छान चाललंय’ असं त्यांना म्हणू नका.